मदत हवी आहे: अँटेनाला वास कळतो, पण पतंग हलत नाही

नमस्कार मंडळी, इलेक्ट्रोअँटेनोग्राम (ईएजी, म्हणजे वास आल्यावर कीटकाच्या अँटेनात उठणारा विद्युत प्रतिसाद मोजणं) करणारं कुणी आहे का इथे?

पतंगाची अँटेना दोन इलेक्ट्रोडमध्ये बसवून पानांच्या वासातल्या हेक्सेनालची फुंकर दिली, की स्क्रीनवरची रेघ झपकन खाली जाते. नुसत्या हेक्सेनला (ज्या द्रावकात हेक्सेनाल विरघळवतो त्याला) मात्र जेमतेम हलते. म्हणजे सिग्नल खरा आहे. पण त्याच जातीच्या माद्या वाय-नळीत (दोन फाट्यांची नळी, कुठल्या वासाकडे जातात ते बघायला) सोडल्या, की पुढच्या पायाने अँटेना साफ करत तिथेच बसून राहतात. वैताग आहे नुसता!

अँटेनावरच्या केसांच्या छिद्रांतून रेणू आत जातात, ग्राहींना (वास ओळखणाऱ्या प्रथिनांना) चिकटतात आणि संदेश मेंदूतल्या ग्लोमेरुलसकडे (वासाचे संदेश गोळा होणाऱ्या गुंडीकडे) जातो, इथपर्यंत ठीक. ईएजीत दिसते ती अनेक चेतापेशींची एकत्रित बेरीज. आकर्षण की तिटकारा, हे त्यातून कळत नाही, हेही मान्य. शिवाय हेक्सेनाल तर असंख्य झाडं सोडतात. मग एकटं संयुग देण्यात अर्थ आहे का, की यजमान झाडाच्या वासातलं प्रमाण जुळवून मिश्रणच द्यायला हवं? प्रमाण ठरवताना जीसी-ईएडीवर (वासातली संयुगं वेगळी करून प्रत्येकाला अँटेना प्रतिसाद देते का ते बघण्याच्या पद्धतीवर) किती भिस्त ठेवावी? ज्याला अँटेना क्षीण प्रतिसाद देते, तेही संयुग मिश्रणात महत्त्वाचं असू शकतं ना?

आणखी एक, ताप देणारा प्रश्न. अँटेना कापल्यावर प्रतिसाद हळूहळू मंदावतो. दर काही फुंकरींनंतर तुलनेसाठी ठरवलेलं तेच संयुग देऊन आकडे त्याच्याशी ताडायचे, की अख्खं डोकं बसवलं तर जास्त टिकतं? चाचणी अंधारात, मीलन झालेल्या माद्यांवरच करता का? अनुभव असेल तर जरा सविस्तर लिहा.