पायाला घट्ट बांधलं तर पाय कापावा लागतो हे खरं आहे का?

लोकलवाला_विन्या
परवा संध्याकाळी ठाण्याच्या पुढे एका स्टेशनवर एक पोरगा चालत्या लोकलमधून पडला, गुडघ्याखाली पाय चिरडला होता आणि रक्त नुसतं उसळत होतं. मी एका ताईंची ओढणी घेऊन मांडीला बांधायला गेलो तर मागून दोघं-तिघं ओरडले, बांधू नको, पाय सडेल, कापावा लागेल. शाळेत स्काउटला सरांनी पण हेच शिकवलेलं म्हणून हात थांबला माझा. मग ओढणी तशीच जखमेवर दाबून धरली, हमाल स्ट्रेचर घेऊन आले, त्याला नेलं, पुढे काय झालं कळलं नाही. मावसभाऊ आर्मीत आहे तो म्हणतो बांधायलाच पाहिजे होतं. दोन रात्री झोप नाही. नक्की खरं काय?

कुलाबा_माजी_नौसैनिक
विनायकराव, भाऊ बरोबर सांगतोय. मी नेव्हीत मेडिकल असिस्टंट होतो, मुंबईतल्या नेव्हीच्या अश्विनी हॉस्पिटलात पण ड्युटी केलीय. आमच्या सुरुवातीच्या काळात टुर्निकेट, म्हणजे रक्त थांबवायला जखमेच्या वर आवळून बांधायची पट्टी, हा अगदी शेवटचा उपाय मानायचे, कारण जुन्या युद्धांत जखमी माणूस पट्टी बांधलेल्या अवस्थेत तासन्तास पडून राहायचा आणि पाय खरंच जायचा. हे मत बदललं ते इराकमध्ये. २००६ साली बगदादच्या अमेरिकन लष्करी हॉस्पिटलात डॉक्टरांनी टुर्निकेट लावलेल्या २३२ जखमींची नीट नोंद ठेवली, ४२८ टुर्निकेट होते, आणि निव्वळ पट्टीमुळे हात किंवा पाय कापावा लागला असा एकही जण निघाला नाही. शॉकमध्ये, म्हणजे रक्त फार जाऊन बीपी ढासळण्याच्या अवस्थेत, जायच्या आधी बांधलं त्यातले ९० टक्के जगले, शॉकमध्ये गेल्यावर बांधलं त्यातले फक्त १० टक्के. हे आकडे मला पाठ आहेत कारण आम्ही आयुष्यभर उलटं शिकलो होतो.

दादर_पूर्व
पण काका तिकडे हेलिकॉप्टर येतं तासाभरात. आपल्याकडे संध्याकाळी ॲम्ब्युलन्स ट्रॅफिकमध्ये अडकली तर?

वॉर्डातली_सिस्टर
ट्रॅफिक आहे म्हणूनच तर बांधायचं, मांडीची मोठी नस तुटली तर माणूस काही मिनिटांत जातो हो. दोन तासांपर्यंत बांधलेलं साधारण सेफ धरतात आणि मुंबईत तेवढ्या वेळात कुठल्यातरी हॉस्पिटलात पोचतोच आपण. मी १४ वर्षं ट्रॉमात, म्हणजे अपघाताच्या पेशंटच्या वॉर्डात आहे. आमच्याकडे पेशंट येतात ते सुतळी नाहीतर वायर बांधून, ती कातडीत रुतलेली असते आणि खालून रक्त चालूच. कारण बारीक दोरीने वरवरच्या शिरा दाबल्या जातात, आतली धमनी चालूच राहते, मग रक्त उलट जास्त जातं. ओढणी घडी करून तीन बोटं रुंद घ्यायची, जखमेच्या चार बोटं वर बांधायची, गुडघ्यावर किंवा कोपरावर नाही, गाठीत मजबूत काठी अडकवून पिळायची रक्त थांबेपर्यंत, खूप दुखतं, पेशंट किंचाळतो, तरी सैल करायचं नाही, अधूनमधून सोडायचं तर मुळीच नाही. बांधल्याची वेळ कपाळावर पेनाने लिहा, आम्हाला ती सगळ्यात आधी लागते. काठी नसेल तर तुम्ही केलंत तसं दाबून धरणं हेच बरोबर दादा, तुम्ही काही चुकला नाहीत. आणि हे फक्त उसळत्या रक्ताला हं, साप चावला तर असं बांधू नका कोणी.

कुलाबा_माजी_नौसैनिक
सिस्टर, ते ट्रॅनेक्सॅमिकचं पण सांगा ना.

वॉर्डातली_सिस्टर
हो! बायकांना पाळीत जास्त जातं तेव्हा ज्या गोळ्या देतात ना, तेच औषध. झालेली गुठळी विरघळू देत नाही. २०१० मध्ये ४० देशांतल्या २० हजारांवर अपघाती पेशंटवर मोठी ट्रायल झाली, आपले भारतातले पण होते त्यात, आणि तीन तासांच्या आत इंजेक्शन दिलं तर रक्तस्रावाने मरणारे कमी झाले. तीन तासांनंतर दिलं तर उलट त्रास. मग अफगाणिस्तानात कॅम्प बॅस्टियन या ब्रिटिश लष्करी तळावरच्या जखमींमध्येही औषध मिळालेले जास्त जगले असं दिसलं. स्वस्त औषध आहे, पण घड्याळावर चालतं, म्हणून पेशंट आणताना अपघात कधी झाला तेवढं तरी विचारून या.

लोकलवाला_विन्या
सिस्टर, काका, खूप बरं वाटलं. काल रात्री धाकट्या भावाच्या मांडीवर आईची जुनी ओढणी आणि लाकडी पळी घेऊन करून बघितलं, दुसऱ्याच पिळाला पळी कडकन मोडली. मग हातोडीचा दांडा घेतला तर टिकला. पण पुरेसं पिळलं हे कळणार कसं, रक्त नसताना?

वॉर्डातली_सिस्टर
पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या रेषेत थोडं वर बोटं टेकवा, तिथे नाडी लागते. ती लागेनाशी झाली की झालं. सरावात लगेच सोडा.