मदत हवी आहे: रुपया-पौंडाचे जुने दर, तक्ता १३.३३ वरच अडकलाय

मंडळी, एका जुन्या संस्थेच्या हिशेबवह्या लावायचं काम अंगावर आलंय. विलायतेला शिकायला जाणाऱ्या मुलांना ही संस्था कर्जाऊ शिष्यवृत्ती द्यायची. बऱ्याच पानांवर फक्त पौंड-शिलिंग-पेन्स आहेत, रुपयांचा रकाना कोरा. 'आजच्या पैशात किती' हे मला नकोय. त्या दिवशी संस्थेच्या तिजोरीतून किती रुपये गेले, एवढंच काढायचंय.

जालावर एक वर्षवार तक्ता मिळाला, पण त्याच्यावर भरवसा ठेवायला मन धजत नाही. १९२७ पासून १९६५ पर्यंत पौंडाचा भाव १३.३३ रुपये, दरसाल तोच. मधे मंदी झाली, महायुद्ध झालं, इंग्रज गेले, तरी आकडा जागचा हलत नाही! कोणी वरचाच आकडा खाली ओढत नेलाय का?

दुसरं, १९६६ चं अवमूल्यन सगळीकडे ३६.५ टक्के लिहिलंय. १३.३३ चे २१ झाले असतील तर माझ्या गणिताने ५७.५ टक्के येतात. कुठला आकडा धरू?

आणि १९२० साल. तक्त्यात एकच सरासरी आहे. वहीत रुपये लिहिलेले दोन हप्ते सापडले, तर फेब्रुवारीतला पौंडामागे सात रुपयांनी आणि वर्षअखेरचा जवळपास दुपटीने. कारकुनाची चूक समजायची का?

प्रतिसाद १

तक्ता ठीक आहे. तेव्हा दर उलटा सांगत, म्हणजे एका रुपयाला किती पेन्स. १९२७ च्या कायद्याने रुपया १ शिलिंग ६ पेन्सला बांधला, म्हणजे १८ पेन्स. पौंडाचे पेन्स २४०. भागा: १३ रुपये ५ आणे ४ पै. तुमचा १३.३३ तो हाच. वहीत कुठे '१-६' असं नुसतं लिहिलेलं दिसलं तर ती रक्कम नव्हे, हुंडणावळीचा (एका चलनाच्या बदल्यात दुसरं घेण्याचा) दर आहे.

त्याआधी, १८९९ च्या सुमारापासून पहिल्या महायुद्धापर्यंत, १ शिलिंग ४ पेन्स, म्हणजे पौंडाला सरळ १५ रुपये. सोळा पेन्स की अठरा यावरून १९२६ साली रण माजलं होतं. चलनाचा प्रश्न तपासायला नेमलेल्या हिल्टन यंग आयोगाने अठरा म्हटलं, आणि आयोगातच बसलेल्या मुंबईच्या उद्योगपती पुरुषोत्तमदास ठाकुरदासांनी सोळाच हवेत म्हणून भिन्न मत नोंदवलं. रुपया महाग म्हणजे विलायती माल स्वस्त, मग मुंबईचे गिरणीवाले खवळणारच.

१९३१ साली ब्रिटनने पौंडाच्या बदल्यात ठरल्या भावाने सोनं देणं सोडलं तेव्हा रुपया पौंडाचं बोट धरून बरोबर गेला. १९४९ साली पौंड ४.०३ डॉलरवरून २.८० वर घसरला, आपणही तेवढेच घसरलो. म्हणून पौंडाच्या रकान्यात काहीच दिसत नाही. डॉलरचा रकाना असता तर ३.३१ चे ४.७६ झालेले दिसले असते. (१९४७ साली एक रुपया म्हणजे एक डॉलर, हे ढकलपत्र कृपया इथे कोणी टाकू नका.)

प्रतिसाद २

टक्क्यांचं: दोन्ही बरोबर. पूर्वी शंभर रुपयांत साडेसात पौंड यायचे, ६ जून १९६६ नंतर पावणेपाचच्या आसपास. रुपयाची किंमत ३६.५ टक्क्यांनी उतरली. तेच पौंडाच्या बाजूने पाहिलं तर तो ५७.५ टक्क्यांनी महाग झाला. तुम्हाला टक्के लागतच नाहीत. शंभर पौंडांचा हप्ता जूनआधी १,३३३ रुपये, नंतर २,१००. त्या साली वार्षिक सरासरी लावलीत तर दोन्हीकडचा हिशेब चुकेल, तारीखच बघा.

पुढचं एक वळण बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. नोव्हेंबर १९६७ मध्ये पौंडाचं अवमूल्यन झालं, २.८० चे २.४० डॉलर. या खेपेला रुपया मागे गेला नाही. पौंड २१ वरून १८ रुपयांवर आला.

धागाकर्ता

वा, म्हणजे '१-६' च्या सगळ्या नोंदी सुटल्या. मी तो आकडा पोस्टेजचा समजून बाजूला ठेवत होतो. १९२० चं काय?

प्रतिसाद १

कारकून बरोबर आहे. युद्धात चांदी भडकली, रुपया चांदीचा, त्यामुळे रुपयाचा पेन्समधला दर चढत गेला. फेब्रुवारी १९२० मध्ये तो २ शिलिंग १० पेन्सच्याही वर पोचला, म्हणजे पौंड सात रुपयांच्या आसपास. चलनासाठी नेमलेल्या बॅबिंग्टन स्मिथ समितीच्या म्हणण्यावरून सरकारने दोन शिलिंगांचा, तोही सोन्याच्या हिशेबाने, हट्ट धरून पाहिला, तो टिकला नाही. १९२१ मध्ये रुपया सोळा पेन्सच्याही खाली, पौंड पंधरा रुपयांच्या वर. चढ्या भावाच्या भरवशावर विलायती माल मागवून बसलेले व्यापारी त्यात असे होरपळले की कित्येकांनी माल सोडवायलाच नकार दिला.

तेव्हा १९१७ ते १९२४ च्या नोंदींना सरासरी लावूच नका. मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत व्यापाराच्या पानावर हुंडणावळीचा भाव छापून येई. हप्त्याची तारीख घेऊन जुने अंक चाळा. बँकेचा विकण्याचा भाव घ्या, कारण संस्था पौंड विकत घेत होती. फरक थोडाच पडेल, पण वही जुळत नसेल तर बऱ्याचदा तेवढ्यानेच अडलेलं असतं.

धागाकर्ता

आभार. फेब्रुवारी १९२० पासून सुरुवात करतो. कुठल्या ग्रंथालयात त्या वर्षाचे अंक हाताळायला देतात, हे कोणाला माहीत असेल तर सांगा.