पाचवीचे गुण वाचताना वर्गात कोण बसलंय हे बघायचं की नाही?

रावपुरावासी
वडोदऱ्यात पाणीगेटच्या बाजूला नगर प्राथमिक शिक्षण समितीची एक सरकारी शाळा आहे. रिटायर झाल्यापासून, म्हणजे तीन वर्षं, दर शनिवारी मी तिथे पाचवीला वाचन घ्यायला जातो. गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्या वर्गाचे गुण फिरले आणि खाली एक ओळ होती: 'पाचवीत येऊन धड वाचता येत नाही, असल्या शाळा बंद करा.' मला फार लागलं ते.

माझं म्हणणं असं की या शाळेचे गुण पटावर नजर टाकल्याशिवाय वाचूच नयेत. वर्गात ३४ मुलं. घरी गुजराती बोलणारी त्यातली नऊ. बाकीच्यांच्या घरी भिली, हिंदी, उडिया, दोघांकडे खानदेशी मराठी. पेपर मात्र सगळ्यांना गुजरातीत. दाहोदकडची मुलं दिवाळीनंतर येतात, आईबाप कडियाकामावर, म्हणजे गवंडीकामावर असतात. होळीला सगळे गावी जातात, मग काही परततात, काही नाही. एप्रिलच्या परीक्षेच्या यादीत नावं सगळ्यांचीच.

एक मुलगा सांगतो. बाप हातगाडीवर भाजी विकतो. मी विचारलं, १८ रुपये किलोने अडीच किलो बटाटे, किती झाले? मान वर न करता म्हणाला, 'पिस्ताळीस.' म्हणजे पंचेचाळीस, बरोबर. तसंच गणित पेपरात होतं, ती जागा त्याने कोरी सोडलेली. मी त्याला ते वाचायला लावलं, तर बोट 'किलोग्राम'मधल्या 'ग्रा'वर येऊन थांबलं. त्याला गणितात शून्य मिळालं. ते शून्य गणिताचं होतं का?

बावीस वर्षांची बेन
काका, तुमची तळमळ समजते, तरी मी तुमच्या विरुद्ध आहे. मी समितीच्याच शाळेत बावीस वर्षं शिकवते. 'आधी पट बघा' हे वाक्य आमच्या स्टाफरूममध्ये रोज ऐकते आणि पुढे त्याचं काय होतं तेही बघते. 'बाप भंगारवाला, याला कुठलं जमणार?' एवढं एकदा ठरलं की पोरगं मागच्या बाकावर जातं. मग त्याची वही तपासायला कोणी मागत नाही.

२०१८मध्ये 'मिशन विद्या' आलं. सहावी ते आठवीतल्या कच्च्या मुलांना वाचन, लेखन, गणनासाठी वेगळा वेळ द्यायचा होता. हेतू चांगला, काम मीही मनापासून केलं. त्या मुलांना नाव दिलं 'प्रिय बालक'. महिन्याभरात आमच्या पटांगणात मुलं एकमेकांना 'ए प्रिय!' म्हणून चिडवू लागली. एक मुलगी त्या तासाला बाथरूममध्ये जाऊन बसायची. यादी केली की यादीतलं मूल वेगळं पडतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आणि तुमच्या त्या मुलाचं बोट 'ग्रा'वर अडलं ते बाप भाजी विकतो म्हणून नाही. जोडाक्षरं दुसरीत पक्की व्हायला हवी होती. कोणीतरी ती करून घेतली नाहीत.

रावपुरावासी
बेन, दुसरीत तो या शाळेत होताच कुठे? तो चौथीत आला, वयाप्रमाणे थेट चौथीत बसवला. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ने त्याला तो वर्ग दिला तसा बरोबरीला यायला विशेष प्रशिक्षणाचा हक्कही दिला. वर्ग मिळाला, प्रशिक्षण मिळालं नाही. 'कोणीतरी' म्हणजे कोण, हे पट बघितल्याशिवाय कळणार नाही.

वाडीतला बाप
तुम्ही दोघं आमच्याबद्दल बोलत नाही, जे निघून गेले. माझी मोठी मुलगी समितीच्या शाळेत शिकली. धाकटीला शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांतून खासगी शाळेत पहिलीत घातलं. ऑनलाइन फॉर्म भरायला, उत्पन्नाचा दाखला आणायला दोन दिवस खाडा केला. ज्याला असा खाडा परवडतो तोच तिथवर पोचतो. २०२५मध्ये गुजरातेत उत्पन्नाची मर्यादा ६ लाख झाली, म्हणजे आता आमच्यापेक्षा बरे लोकही त्याच रांगेत.

मोठीच्या वेळी वर्गात रिक्षावाल्यांची, शिप्यांची, गुमास्त्यांची मुलं असायची. वाली मीटिंगला, म्हणजे पालकांच्या सभेला, आम्ही भांडायचो, पंखा बंद का, सर का आले नाहीत. आता मीटिंगला कोण येणार? रोजंदारी बुडते. बेन त्याच आहेत, मेहनतही तीच. वर्ग बदलला. मला हे लिहिताना बरं वाटत नाही, पण धाकटीला परत आणणार नाही.

शियाबागची आजी
सयाजीराव महाराजांनी १८९३मध्ये अमरेलीत सक्तीचं शिक्षण सुरू केलं, १९०६मध्ये सगळ्या राज्यात. मूल शाळेत धाडलं नाही तर आईबापाला दंड. अंत्यज, म्हणजे तेव्हा अस्पृश्य मानलेल्या मुलांच्या शाळांना सवर्ण शिक्षक मिळेनात, तेव्हा मुसलमान शिक्षक नेमले, पण शाळा चालवल्या. मुलं कोणाची आहेत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण म्हणून काही त्यांनी शिकवणं सैल केलं नाही. मी बेनच्या बाजूची.

हरणी रोड
आजी, तुमचंच उदाहरण काकांच्या बाजूने जातं. मुलं कोण आहेत हे ठाऊक होतं, म्हणूनच वेगळी सोय झाली. १९६६चा अमेरिकेतला कोलमन अहवालही असाच दोन्हीकडून वाचला जातो. सुमारे ६ लाख मुलांची पाहणी होती. इमारती, साधनं यांपेक्षा घरची परिस्थिती निकालावर जास्त भारी पडते, असं दिसलं. पण त्यातच हेही होतं की चांगल्या शिक्षकाचा फरक मागे पडलेल्या मुलांना सर्वांत जास्त पडतो.

बावीस वर्षांची बेन
मग शिक्षकाबद्दल बोलू या. मूल जूनमध्ये किंवा आलं त्या दिवशी किती वाचत होतं आणि एप्रिलमध्ये किती, एवढी नोंद मला कबूल. त्यावर माझी शाळा तोला, मी तयार आहे. घरची भाषा, बापाचा धंदा, जात हे त्या कागदावर नको. तो कागद वर्गात येतो, काका. तुम्ही कितीही जपा, येतोच.

रावपुरावासी
धंदा नको, जात नको, मान्य. भाषा कशी सोडू? ३४ मुलांच्या त्या वर्गात अकरा घरं भिली बोलणारी आणि शाळेत भिली समजणारं मोठं माणूस एकही नाही. एखादी मदतनीस द्या म्हणून अर्ज करायचा, तर हा आकडा लिहावाच लागेल. तुम्ही लिहायला बसलात तर काय लिहाल, सांगा.

बावीस वर्षांची बेन
अकरा लिहीन. नावं लिहिणार नाही.