झिरोला जाऊन आपातानी आज्यांचे फोटो काढावेत का?

रानवारा
अरुणाचलच्या झिरो खोऱ्यात जाणाऱ्या बहुतेकांना तिथल्या आपातानी जमातीतल्या आजीचा एक फोटो हवाच असतो: दोन्ही नाकपुड्यांत मोठ्या काळ्या चकत्या, कपाळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत गोंदलेली रेघ, हनुवटीवर उभ्या रेघा. माझ्या मते हे फोटो काढणं थांबायला हवं. १९७०च्या दशकात आपातानी तरुणांनीच पुढाकार घेऊन गोंदण्याची आणि चकत्या घालण्याची प्रथा बंद केली, म्हणून असे चेहरे आता फक्त वयस्कर बायकांचे उरलेत. ‘शेवटची पिढी आहे, लवकर जा’ असं सांगत लोकांना त्यांच्या दारात नेणं मला क्रूर वाटतं. होंगसारख्या गावात घरं इतकी दाटीनं आहेत की ओट्यावर बसलेली बाई रस्त्यावरून आयतीच टिपता येते. तोंड फिरवलं तरी लोक थांबत नाहीत.

परंपरा बघायचीय ना? मग शेत बघा. नांगर नाही, बैल नाही, सगळी मशागत हातानं. भाताच्या खाचरात मासे वाढतात, बांधावर नाचणी. गावाला लागून प्रत्येक घराची बांबूची राखलेली बेटं. हे सगळं आज चालू आहे, आणि त्यासाठी कुणाच्या चेहऱ्यावर कॅमेरा रोखावा लागत नाही.

मुक्ता
तोंड फिरवल्यावर फोटो काढणं वाईटच, त्यावर दुमत नाही. पण ‘काढूच नका’ हे त्या बायकांच्या वतीनं तुम्ही ठरवताय. मी जिथे उतरले होते तिथल्या आजींनी आधी चुलीपाशी बसवलं, चहा दिला, आणि नंतर नातीला शेजारी घेऊन स्वतःच फोटो काढायला सांगितला. त्यांना तो हवा होता. मी नाही म्हणायला हवं होतं का? शिवाय मानववंशशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ १९४४ साली तिथे गेले, राहिले, त्यांनी फोटो काढले. आज त्या काळचा खोऱ्याचा चेहरा आपल्याला दिसतो तो त्यामुळेच.

रानवारा
ते तिथे राहिले, हाच तर फरक आहे. दोन दिवसांच्या सहलीत दहा मिनिटं थांबणाऱ्यानं त्यांचा दाखला देऊ नये. तुमच्या आजींचं वेगळं, तिथे आधी ओळख झाली होती.

देवदार
पैशाचं कुणीच बोलत नाहीये. फोटोसाठी पैसे देणं मला मान्य आहे. दुसऱ्याच्या चेहऱ्यावर आपण लाइक मिळवणार आणि तिनं फुकट बसायचं, हा कुठला न्याय? २०१२पासून तिथे संगीत महोत्सव भरतो, लोकांनी घरांतून पाहुण्यांची सोय केलीय, तरुणांना गावातच काम मिळतंय. पर्यटक नकोत असं म्हणणं सोपं आहे, पण त्याची किंमत त्यांनाच मोजावी लागेल.

मुक्ता
देवदार, इथे मात्र मी रानवाराच्या बाजूची. एकदा दर ठरला की आजीबाईंनी रोज सकाळी नटून ओट्यावर बसावं अशी घरच्यांचीच अपेक्षा होऊ लागते. पैसे खोलीचे द्या, जेवणाचे द्या, गावातल्या वाटाड्याला द्या.

साळुंकी
चेहऱ्यांवरच अडकलात सगळे. मार्चमधल्या म्योको सणाचं काय? तीन गावगटांत तो आळीपाळीनं होतो, यजमान गावातल्या घरांत पाहुण्यांना तांदळाची बिअर आणि मांस आग्रहानं वाढतात. पुजारी रात्रभर मंत्र म्हणतात, डुकरांचे बळी दिले जातात. आमच्यासोबतच्या एकानं तिथेच नाक मुरडून ‘किती रानटी’ म्हटलं, आणि यजमानांना हिंदी उत्तम कळत होतं. मला फोटोपेक्षा त्याची जास्त लाज वाटली. ज्यांना बळी बघवत नाही त्यांनी जुलैत द्रीला जावं. ५ जुलैचा हा पिकासाठीचा सण. बळी त्यातही असतात, पण सोहळा मोकळ्या मैदानात असतो, बाजूला होता येतं.

देवदार
म्योकोला बोलावतात म्हणूनच तर मी म्हणतो, त्या लोकांना पाहुणे हवेत.

रानवारा
पाहुणे हवेत, हे मलाही मान्य. पाहुण्यानं मात्र आधी वाढलेलं खावं, घरातल्यांची नावं विचारावीत, आणि फोटोचा विषय त्यांनी काढला तरच काढावा. अरुणाचलात शिरायला लागणारा सरकारी परवाना, इनर लाइन परमिट, आपल्याला खोऱ्यात जाऊ देतो. कुणाच्या ओट्यावर चढायचं तर घरच्यांनीच बोलवायला हवं.