मदत हवी आहे: नकुरू सरोवर (केनिया), फ्लेमिंगो आणि ज्येष्ठ नागरिक

ऑगस्टमध्ये मुंबई–नैरोबी. मसाई माराच्या आधी लेक नकुरूला एक मुक्काम घ्यायचा विचार आहे. सोबत आईबाबा, दोघेही सत्तरीच्या आसपास. गुलाबी फ्लेमिंगोंचे थवे नक्की दिसतात का? गाडी कोणती घ्यावी? लशीचं काय?

प्रतिसाद १
फ्लेमिंगोंसाठी जात असाल तर बेत बदला. 2010 नंतर सरोवराचं पाणी बरंच चढलं, जुनं मुख्य गेटही पाण्यात गेलं. पाणी वाढलं की खारेपणा उतरतो आणि फ्लेमिंगो ज्यावर जगतात ते शेवाळ कमी होतं. त्यामुळे बरेच थवे उत्तरेला बोगोरिया सरोवराला गेले. तिथे गरम पाण्याचे झरेही आहेत, पण तो वेगळा दिवस धरा.

नकुरूला जायचं ते गेंड्यांसाठी. उद्यान जेमतेम 188 चौ. किमी, सभोवती कुंपण, त्यामुळे एका दिवसात गेंडा दिसायची शक्यता चांगली. पांढरा गेंडा रुंद तोंडाने गवत खातो, म्हणून किनाऱ्यालगतच्या मोकळ्या कुरणात दिसतो. काळा झुडपांची पानं ओरबाडतो आणि झाडीतच राहतो. त्याला शोधायला ड्रायव्हर जाणता हवा. हत्ती इथे नाहीत, आईबाबांना आधीच सांगून ठेवा!

प्रतिसाद २
गाडी: छत उघडणारी लँड क्रूझर. व्हॅन स्वस्त पडते, पण खड्ड्यांत कंबर धरते. ज्येष्ठांना मधल्या रांगेत बसवा, मागच्या चाकावरची सीट नको. नैरोबीहून अंतर साधारण 160 किमी असलं तरी घाटात ट्रकांच्या रांगा लागतात. चार तास धरा. सकाळी सहाला गेटवर हजर राहायचं तर आदल्या रात्री नकुरूतच मुक्काम हवा. उंची 1,750 मीटरच्या पुढे, पहाटे स्वेटर लागतोच. गेटवर रोख चालत नाही, पैसे आधी ऑनलाइन भरून पावती मोबाइलमध्ये ठेवा. प्लास्टिकच्या पिशव्या देशातच बंद आहेत, चिवड्याच्या पुड्यासुद्धा डब्यात घाला.

प्रतिसाद ३
लशीचं सगळ्यात आधी बघा. पीतज्वराचं प्रमाणपत्र लस घेतल्यावर 10 दिवसांनी ग्राह्य धरतात. ते नसेल तर भारतात परतताना सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. साठीनंतर या लशीचे गंभीर दुष्परिणाम होण्याचा धोका वाढतो, तेव्हा सरकारमान्य केंद्रात जाण्याआधी दोघांच्या डॉक्टरांना विचारा. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच भेटीत. व्हिसाऐवजी 2024 पासून ईटीए (प्रवासाआधी ऑनलाइन घ्यायची परवानगी) आहे, तिचा अर्ज प्रत्येकाचा वेगळा भरावा लागतो.

धागाकर्ता
आभारी आहे. म्हणजे लस आधी, तिकिटं नंतर. बोगोरियाला एक दिवस वाढवला तर गाडी तीच चालेल का?

प्रतिसाद २
चालेल. फक्त बुकिंगच्या वेळीच मार्गात लिहून घ्या, ऐनवेळी सांगितलं तर जादा किलोमीटरचे पैसे लावतात.