मदत हवी आहे: पोस्टग्रेसच्या प्रोसीजरला असिंक कोडमधून रो पाठवताना अडचण

नमस्कार. सांगलीतल्या एका हळदीच्या अडत दुकानासाठी सौद्यांचा हिशोब ठेवणारी सिस्टीम सांभाळतो. पायथन, असिंकपीजी (पायथनमधून पोस्टग्रेसशी असिंक पद्धतीने बोलणारी लायब्ररी) आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस. मध्ये पीजीबाउन्सर (कनेक्शन्स वाटून देणारा मधला प्रोग्राम) नाही, पण अ‍ॅपच्या 4 प्रोसेस आहेत आणि प्रत्येकीचा वेगळा पूल, म्हणजे उघडून ठेवलेल्या कनेक्शन्सचा साठा.

दिवसभराचे सौदे टपलच्या लिस्टमधून (एक टपल म्हणजे एक रो) एकाच कॉलमध्ये प्रोसीजरला, म्हणजे डेटाबेसमध्येच साठवलेल्या कोडला, जातात. पॅरामीटर म्हणजे सौद्याच्या टेबलाच्याच रो टाइपचा (टेबलाच्या कॉलमांवरून आपोआप बनणाऱ्या टाइपचा) अ‍ॅरे. हे छान चालतं. मात्र टेबलात नवा कॉलम घातला की जुनी कनेक्शन्स आधीचीच रचना धरून बसतात आणि कॉलमची संख्या जुळत नाही अशी एरर येते. कोड आधीच बदललेला असतो, तरीही.

असिंकपीजीचं रीलोड-स्कीमा-स्टेट (लक्षात ठेवलेली रचना विसरायला लावणारी मेथड) वापरून पाहिलं, पण ते त्या एकाच प्रोसेसच्या पूलपुरतं लागू होतं. पूलवर एक्स्पायर-कनेक्शन्स (जुनी कनेक्शन्स बाद करून नवी घ्यायला लावणारी मेथड) चालवलं, तरी ती एकच प्रोसेस सुधारते, बाकीच्या तीन तशाच राहतात. जेसनबी (पोस्टग्रेसचा जेसन साठवायचा टाइप) पाठवून जेसनबी-पॉप्युलेट-रेकॉर्डसेट या फंक्शनने रो करून घेतले, तेही जमलं. पण डेसिमल प्रत्येक वेळी स्ट्रिंग करून पाठवावे लागतात. शेतकऱ्याच्या पट्टीत एका पैशाचाही फरक मला चालणार नाही, म्हणून फ्लोट (अंदाजे साठवला जाणारा अपूर्णांक) नकोच.

सौदे सुरू असताना रीस्टार्ट करता येत नाही आणि प्रोसीजर दुसरं एक जुनं अ‍ॅपही वापरतं, त्यामुळे तिची जागा इन्सर्टने घेता येणार नाही.

टेबलाचा रो टाइप सोडून स्वतंत्र कंपोझिट टाइप (अनेक फील्ड्सचा, आपण स्वतः ठरवलेला टाइप) करावा आणि बदल झाला की नव्या नावाचा टाइप व प्रोसीजर आणावी का? की लिसन-नोटिफायने (पोस्टग्रेसच्या निरोप पाठवण्याच्या सोयीने) चारही प्रोसेसना कळवून पूल एक्स्पायर करणं पुरेसं आहे? तसं केल्यास अर्ध्यावर असलेल्या ट्रान्झॅक्शनचं काय होतं?