मदत हवी आहे: अपघातानंतरच्या पीटीएसडीसाठी ऑनलाइन ईएमडीआर

धाकटा भाऊ, वय 29, सांगलीजवळ राहतो. गेल्या पावसाळ्यात बाइकला ट्रकने उडवलं, मागे बसलेला मित्र जागीच गेला. पाय बरा झाला. पण ट्रकच्या एअरब्रेकचा फुस्स आवाज आला की अजून घामाघूम होतो. हायवेचं नाव काढू देत नाही.

सायकियाट्रिस्टनी पीटीएसडी (मोठ्या धक्क्यानंतर मनात घर करून राहणारा त्रास) सांगून सर्ट्रालिन (चिंता-नैराश्यावरची गोळी) दिलंय. झोप लागते, भीती तशीच. (आईने दृष्टही काढली.) आता डॉक्टर ट्रॉमा-फोकस्ड सीबीटी (त्या धक्क्याशी जोडलेले विचार आणि टाळाटाळ यावर काम करणारी बोलण्याची थेरपी) किंवा ईएमडीआर (ती आठवण मनात आणून डोळे डावी-उजवीकडे हलवायला लावणारी थेरपी) घ्या म्हणतात, पण इथे तसं शिकलेलं कुणी सापडेना. दारू नाही, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचारही नाहीत, डॉक्टरांनी विचारलंय. मराठीतूनच मोकळा होतो. पुण्याला महिन्यातून एकदाच जमेल.

ऑनलाइन ईएमडीआर कुणी घेतलंय का, फरक पडला का? आणि थेरपिस्टने त्याचं रीतसर प्रशिक्षण घेतलंय हे पहिल्याच फोनवर काय विचारून कळेल?